चंद्रप्पा पेंटरचा भू

‘कंप या विषयातलं अख्ख्या लातुरात माझ्याइतकं कोणालाच कळत नाही!’ असं हैदराबादहून निघताना मी माझ्या गाईडना छाती पुढे काढून सांगितलं होतं. आणि ते खोटंही नव्हतं. मेंदूतल्या कोणत्या पेशी मरत गेल्या की माणसाचा हात थरथरायला लागतो, यावर मी पीएच.डी. करत होते. गल्लीत याची किंमत शून्य. “सदफ, डॉक्टर झालीस म्हणं, मग सुई कधी देणार?” एवढंच सगळे विचारायचे. बारावीचा क्लास नसलेली गल्ली आमच्या गावात सापडायची नाही. अब्बांचं टेलरिंगचं दुकानही मेडिकलच्या पोरांच्या पांढऱ्या ॲप्रनवरच चालायचं.

माझा बेत अगदी सोपा होता. पन्नाशी ओलांडलेल्या लोकांच्या हातांचा कंप मोजायचा, कागद गुंडाळायचे आणि परत जायचं. युनिव्हर्सिटीची पेटी सोबत आणली होती. हाताला पट्टा बांधला की तिची सुई कागदावर रेघ ओढते. हात स्थिर असेल तर रेघ सरळ येते.

अब्बांनी कटिंगचं टेबल मला देऊन टाकलं. “मला तसंबी लागत न्हाई आता,” म्हणाले. दुकानाच्या उंबऱ्याच्या आत ते मराठीच बोलायचे, माझ्याशीसुद्धा. चष्म्याचा नंबर वाढला म्हणून कटिंग त्यांनी शेजारच्या दुकानातल्या वकारमामूंवर सोपवलं होतं, आणि स्वतः उजवा हात कुर्त्याच्या खिशात घालून गिऱ्हाइकांशी गप्पा मारत बसायचे. मला वाटलं, बरं झालं, उतारवयात जरा आराम!

बोर्डाचं काम चंद्रप्पा पेंटरला दिलं. चिठ्ठीवर मजकूर लिहून दिला: ‘कंपाची तपासणी मोफत. लवकर कळलेले बरे.’ बोर्ड लागला दुकानाच्या कपाळावर, आणि मी येणार घरातून मागच्या दारानं. त्यामुळे तो मी वाचलाच नाही.

सकाळी शटर वर केलं तर रस्ता माणसांनी भरलेला! माझा ऊर भरून आला. विज्ञानाची एवढी भूक लातूरला कधी लागली? सगळ्यांत पुढे केवळाबाई होती. ती चाकूरकडची. नातवाला क्लासला घातलं होतं आणि समोरच्या बिल्डिंगमध्ये खोली करून ती त्याला रांधून घालायची. तिनं आधी पेटीला हात जोडले.

“बाई, ह्यात आधी कळतं व्हय?”

“हाव आजी. माणसाला कळायच्या आधी सुईला कळतं.”

“मग आला की किती येळ ऱ्हातो?”

“आला की थांबत नाही,” मी म्हणाले. आमच्या पुस्तकात असंच लिहिलेलं असतं. “हळूहळू वाढतच जातो.”

“आन् थांबवता येतो व्हय?”

“अजून जगात कुणाला जमलेलं नाही.”

गर्दी टेबलाकडे सरकली. मला वाटलं, काय ऐकतात लोक! मग मागून कोणीतरी विचारलं, “सुरू कुठून होतो?”

“एका बाजूनं. पुष्कळदा उजव्या. दुसरी बाजू नंतर.”

सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. गंजगोलाईच्या चौकाकडे तोंड केलं की आमचं दुकान डाव्या हाताला येतं. अमृतराव सरांचा बायोलॉजीचा क्लास आणि त्यावरचं होस्टेल उजव्या हाताला. बघता बघता जिन्यावरून गाद्या, ट्रंका, स्टोव्ह, भाताची पातेली खाली यायला लागली. एक मुलगी मेंदूची आकृती काढलेला तक्ता कवटाळून रडत उतरली.

अमृतराव सर रस्ता ओलांडून आले. “परीक्षा तोंडावर आली आन् तुम्ही माझी पोरं पळवून लावायलात?”

“मी काय केलं, सर?”

“स्वतःचा बोर्ड वाचा की.”

मी बाहेर येऊन वाचला. ‘भूकंपाची तपासणी मोफत. लवकर कळलेले बरे.’

चंद्रप्पा तिथंच उभा होता, खांद्यावर गादी घेऊन. “चिठ्ठीत भू राहिला होता ताई, मी घातला,” तो म्हणाला. “लातुरात राहून एवढं कळत न्हाई व्हय मला?”

मी स्टुलावर चढून ओरडले की जमिनीचा नाही, हा हाताचा कंप आहे, आजार आहे! कोणी ऐकेना. केवळाबाईनं माझा पदर धरला. “माझी लेक किल्लारीकडं दिली होती. तवा कुणीच सांगितलं न्हाई, बाई. तू सांगायलीस, तर आता माघार घेऊ नगं.” मी स्टुलावरून खाली उतरले. हिला काय सांगू? माझ्या पेटीला जमिनीतलं काहीच कळत नाही, हे?

“एखाद्याच्या हातावर लावून दाखवा,” सर म्हणाले. “सरळ रेघ आली तर पोरांना वर नेतो. न्हाईतर पोलीस बोलावतो.”

त्या पट्ट्यापुढे हात करायला कोणी तयार होईना. सर तर दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहिले. शेवटी अब्बा उठले. “माझा घे,” म्हणाले आणि डावा हात पुढे केला.

“उजवा लागतो आधी, अब्बा,” मी म्हणाले. नियम म्हणजे नियम! गाईडना काय तोंड दाखवणार?

त्यांनी एकदा गर्दीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि उजवा हात खिशातून काढून टेबलावर ठेवला. मी पट्टा बांधला. सुई हलली. मग हलतच राहिली.

“आला!” कोणीतरी किंचाळलं. त्यानंतर चपलांचा जो खच पडला, तो बघण्यासारखा होता. सगळ्यांत पुढे अमृतराव सर पळाले. केवळाबाई नातवाला ओढत, मागे न बघता गेली. रस्ता रिकामा झाला.

सुई चालूच होती. भीतीनं थरथरणारा हात कसाही थरथरतो. हा शिलाई मशीनच्या पायडलसारखा एका लयीत चालला होता. त्या लयीवर मी एक अख्खं प्रकरण लिहिलं आहे. तीच लय माझ्या घरात बसली होती आणि मला दिसली नाही.

“सदफ,” अब्बा म्हणाले.

“जी.”

“मघाशी तू म्हणालीस, आला की थांबत न्हाई. ते भूकंपाचंच सांगत होतीस न्हवं?”

या विषयातलं अख्ख्या लातुरात माझ्याइतकं कोणालाच कळत नाही.

“हाव,” मी म्हणाले. “भूकंपाचंच.”

“मग आपल्याला कशाची भीती?” त्यांनी पट्टा सोडला आणि हात परत खिशात घातला. “आपलं दुकान डाव्या बाजूला हाय.”