दोन समुद्र आणि एक चेन

पाण्याखाली श्वास घ्यायला चष्मेवाला आणि त्याची बायको एकाच तलावात, एकाच सरांकडे शिकले. आठवडाभराची सुट्टीही दोघांना एकदमच मिळाली. इथवर संसार सुरळीत होता. बुडी कुठे मारायची एवढंच ठरायचं होतं, आणि ते महिनाभर ठरत नव्हतं. त्याला गरम समुद्र हवा होता, तिला थंड.

"तिकडे मासे रंगीत असतात गं," तो म्हणाला. "पाणी काचेसारखं. दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांना 'खालची ओळ वाचा' म्हणणाऱ्या माणसाला कधीतरी स्वतःलाही काही दिसू दे."

"थंड पाण्यात सील असतात. ते जवळ येतात. आपल्या पायातले पोहायचे रबरी पंख हळूच चावून बघतात."

"मग कुत्रं पाळू. तेही चावून बघेल."

बायकोने फोनवरचा सीलचा फोटो त्याच्यापुढे धरला. ती तापमापकं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायची. तिथल्या खोलीत उन्हाळा नव्हता, हिवाळा नव्हता. वर्षभर एकच तापमान, आणि ते ढळू नये याचाच तिला पगार. अशा बाईला एकदा तरी कुडकुडायची हौस असते, हे नवऱ्याला समजावून सांगणं तिला जमत नव्हतं. सीलबद्दल सांगणं त्या मानाने सोपं होतं.

एके दिवशी दुपारी प्रवास कंपनीच्या बाईंनी निर्वाणीचा फोन केला. दोन्हीकडच्या जागा संध्याकाळपर्यंतच राखून ठेवता येतील, पुढे नाही.

"प्रयोग करू," बायको म्हणाली. थंड पाण्यात घालायचा जाड रबरी सूट तिने सरांकडून आणूनच ठेवला होता. "हा तासभर घालून घरात वावर. सोसला तर थंड समुद्र, नाही सोसला तर गरम."

चष्मेवाल्याने ताबडतोब होकार दिला. सूट सोसणार नाही, हे त्याने तो हातात घेण्याआधीच नक्की केलं होतं.

सूट अंगावर सरकत नसेल तर थोडं साबणाचं पाणी लावा, असं सरांनी सांगितलं होतं. त्याने भांड्यांचा साबण सढळ हाताने चोपडला. आजवर त्याने घातलेल्या प्रत्येक कपड्याची चेन पुढे होती, म्हणून त्याने हीदेखील पुढे घेतली. ती पाठीवर यायला हवी होती. त्यामुळे गुडघ्यांचे जाड तुकडे गुडघ्यांच्या मागे गेले आणि पाय वाकेनासे झाले. तरीही त्याने श्वास रोखून चेन गळ्यापर्यंत ओढली. गळ्याशी तिने बनियनचा बोकणा भरला आणि ती जागची हलेना.

तो बाहेर आला. "असह्य आहे. गरम समुद्र घे."

"दोन मिनिटंही झाली नाहीत. ही नोंद धरता येणार नाही."

"धरू नकोस, पण हे काढ!"

बायकोने चेन ओढली. मग तिने पकड आणली. आरडाओरडा ऐकून तिच्या सासूबाई, म्हणजे त्याची आई, आतून आल्या आणि त्यांनी चेनला मेणबत्ती घासली. तिघांनी मिळून जोर लावला तेव्हा चेनची खिटी तुटून पकडीत आली.

"कापते मी," सासूबाई म्हणाल्या.

"आई, सरांचा आहे तो!" बायको म्हणाली.

त्याला बसता येईना. तो बैठकीतून गच्चीत, गच्चीतून स्वयंपाकघरात, तिथून परत बैठकीत असा ताठ पायांनी फिरू लागला. अंगाला घाम फुटला. घामाने साबण भिजला, आणि चालता चालता त्याच्या मनगटांतून पांढरा फेस येऊ लागला. सासूबाई फडकं घेऊन त्याच्या मागे लागल्या.

"एका जागी थांब की रे मेल्या! दूधसुद्धा एका जागी उतू जातं."

तेवढ्यात दाराची घंटा वाजली. खालच्या मजल्यावरचे काका सकाळीच त्याच्या दुकानातून नवा चष्मा घेऊन गेले होते. त्यांनी दार उघडणाऱ्या काळ्या, फेसाळत्या आकृतीकडे चष्म्यातून पाहिलं, मग चष्म्यावरून पाहिलं आणि चष्मा काढून तिच्याच हातात ठेवला.

"नंबर चुकलाय हा. तुमच्या मुलाला सांगा," असं त्यांनी आतल्या सासूबाईंना ओरडून सांगितलं आणि कठडा धरून जिना उतरून गेले.

चष्मेवाल्याचा चेहरा आता लालबुंद झाला होता. बायकोने त्याच्या तोंडात तापमापक धरलं. आकडा काळजीचा नव्हता, पण डोळे केविलवाणे होते, आणि डोळ्यांसाठी तिच्याकडे उपकरण नव्हतं. घरच्या घरी याची ही गत, मग बोटीवर आठवडाभर काय होईल? ती फोन घेऊन गच्चीत गेली. फोनवरचा सीलचा फोटो तिने थोडा वेळ पाहिला. मग कंपनीचा नंबर लावला आणि गरम समुद्राच्या दोन जागा पक्क्या केल्या.

इकडे सासूबाईंनी मुलाला ढकलत न्हाणीघरात नेलं, टब गार पाण्याने भरला आणि फ्रीजमधला होता नव्हता तो बर्फ त्यात ओतला. तो फळीसारखा आडवा झाला. गळ्याशी बर्फाचं पाणी झिरपलं तसा किंचाळला, मग हळूहळू गप्प झाला. बाहेर गारवा, आत ऊब. दुपारपासून पहिल्यांदाच त्याला कुठे जायचं नव्हतं.

"आई," तो डोळे मिटून म्हणाला, "हा सूट यासाठी असतो होय! ठरलं. समुद्र थंडच घ्यायचा. तिला सांग."

"ती फोनवर आहे. कंपनीचा नंबर आहे माझ्याकडे, मीच सांगते तिथल्या बाईला," सासूबाई म्हणाल्या. महिनाभर ऐकलेलं भांडण असं हातात आयतं आल्यावर त्या ते थोडंच सोडणार?

बायको गच्चीतून आत येते न येते तोच तिचा फोन वाजला. तिने तो न्हाणीघराच्या दारात उभं राहून मोठ्या आवाजावर लावला.

"मॅडम," प्रवास कंपनीच्या बाई म्हणाल्या, "तुमच्या घरातून आत्ता दोन फोन आले. गरम समुद्राला दोन जागा, थंडाला दोन जागा, आणि आठवडा एकच. तुम्ही नक्की आहात तरी किती जण?"

"गरम? कुणी घेतला?" टबातून आवाज आला.

"मी. तुझे हाल बघवले नाहीत."

"अगं, पण मला आता थंडच हवाय!"

"माझ्यासाठी म्हणतोयस तू. काही गरज नाही. गरमच जाऊ."

"मुळीच नाही. थंड!"

"गरम!"

"एक रद्द करायचं तर आत्ता सांगा," फोनमधल्या बाई म्हणाल्या. "मी ऑफिसचं कुलूप हातात घेऊन उभी आहे."

सासूबाई आत गेल्या आणि मोठी कात्री घेऊन आल्या. टबाशेजारी वाकून त्यांनी तिचं टोक मुलाच्या गळ्याशी, अडकलेल्या चेनीखाली सरकवलं.

"सरांना काय सांगायचं ते मी सांगेन. आधी समुद्र ठरव, मग कापते."

"थंड," चष्मेवाला छताकडे बघत, ओठ न हलवता म्हणाला.

"कात्री गळ्याशी असताना दिलेलं मत काही धरता येत नाही," बायको गंभीरपणे म्हणाली. तोवर तिने गरम समुद्र रद्द करून फोन ठेवूनही दिला होता.