विमान टेकेपर्यंत चूल बंद

देवू अमेरिकेला निघाला, त्या दिवशी त्याच्या बापाला सकाळचा चहासुद्धा मिळाला नाही. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात होतं आणि तिथल्या नोकरीतूनच देवूला सहा महिने शिकायला पाठवत होते. कोळीवाड्यातलं विमानात बसणारं ते पहिलंच पोरगं.

"चूल थंड का हाय?" कमलाकांतनं बायकोला विचारलं.

"पोरगं वाटंवर हाय. पोचलं की पेटवीन," जयवंती म्हणाली.

घरचं माणूस समुद्रावर असलं की होडी किनाऱ्याला लागेपर्यंत चूल पेटवायची नाही, हा तिचा लग्नापासूनचा नेम. देवूला शेजारी जेवायला धाडायची आणि स्वतः गुपचूप उपाशी बसायची. कमलाकांतला याचा पत्ताच नव्हता, कारण तो नेमका त्याच वेळी होडीवर मासळी भाजून पोटभर जेवत असे. यंदा होडी भावाकडे सोपवून तो घरी बसला आणि सापडला.

तिकिटावर शनिवारी पहाटे मुंबई आणि शनिवारीच रात्री न्यूयॉर्क असं छापलं होतं. कमलाकांतनं कसाबसा दिवस काढला. दिवेलागणीला तो शेजारच्या खंडेरावाकडे गेला. हा साताऱ्याकडचा माणूस केंद्रावर नकाशे काढायचा.

"आता पोचलंच असंल ना?"

"छ्या! तिथली रात्र म्हंजे आपली उद्याची सकाळ. आठ हजार मैल हाय ते."

"मंग तिकिटावर आज का लिवलंय?"

"तिकडं सूर्य मागनं येतो."

सूर्य मागून का येतो हे विचारण्याचं त्राण कमलाकांतमध्ये उरलं नव्हतं. खंडेरावाच्या बायकोनं, गोजराबाईनं, झुणका-भाकर पुढे केली. त्याचा हात गेलाही, पण कुंपणापलीकडे जयवंती उभी दिसली आणि तो तसाच मागे आला.

रविवारी उजाडताच तो म्हणाला, "पोचलं. पेटव."

"कोनी सांगितलं?"

"हिशेबानं पोचलं."

"हिशेबानं होड्या लय येतात. मला तार दाखवा."

रविवारी पोस्ट बंद. वाड्यात तेव्हा फोन नव्हता; गेलेलं माणूस खुशालीची तार येईपर्यंत नुसतं काळजात असायचं. आता आठवलं की त्या काळजीचाही हेवा वाटतो.

दुपारी दारात पिशवी घेऊन देवू उभा.

"विमान बिघडलं, आये. आता निघंल, मग निघंल, असं करत बसवून ठेवलं. मंगळवारी सोडतील."

"आनि जेवलास काय?"

"फुकट व्हतं. चार वेळा जेवलो."

पोरगं आपल्यावरच गेलंय, याबद्दल बापाची खात्री पटली. चूल पेटली, भात-कालवण झालं. पहिला घास तोंडाशी नेताना कमलाकांत थांबला.

"मी होडीवर असताना तू दर खेपेला अशीच ऱ्हायचीस?"

"जेवा गुमान," जयवंती म्हणाली.

सगळं कळल्यावर देवूनं आईला स्वतःची शपथ घातली, यापुढे उपाशी राहायचं नाही म्हणून. त्यामुळे मंगळवारी तो गेला तरी चूल वेळेवर पेटली. जयवंतीनं दोन ताटं वाढली. कमलाकांतनं आपलं हळूच बाजूला सारलं.

"काय झालं? आवडलं नाय?"

"पोचू दे आधी," टोपी घालून पोस्टाकडे निघता निघता तो म्हणाला. "तू जेव. शपथ तुला हाय, मला नाय."