पावलावरची नाडी

सप्रेकाकांच्या पाया पडायला कोणी वाकलं की ते आशीर्वाद देत नाहीत. ते स्वतःच खाली बसतात, समोरच्याच्या पावलावर दोन बोटं ठेवतात आणि डोळे मिटतात. संक्रांतीला वरच्या मजल्यावरची नवी सून तिळगूळ द्यायला गेली, ती वाटी तिथेच टाकून पळत माझ्याकडे आली. मी म्हटलं, "काही नाही गं, पायाची नाडी बघतात. वाटी घेऊन ये जा."

काका डॉक्टर नाहीत. मंडीदीपच्या एका कारखान्यात पाइपलाइन सांभाळून ते निवृत्त झाले. हल्ली मात्र त्यांना जिकडेतिकडे रोहिण्या, म्हणजे रक्तवाहिन्या, दिसतात. बिट्टन मार्केटला बाजाराच्या दिवशी गाड्या अडकल्या की "स्टेनोसिस. वाट अरुंद झाली." माझ्या मोरीच्या पाइपात तूप साचलं तर "अ‍ॅथेरोस्क्लेरोसिस. तळण कमी कर, नीलिमा." बागेच्या नळीला फुगवटा आला तेव्हा म्हणाले, "अ‍ॅन्युरिझम. फुटणार." मी तिला चिंधी बांधली. ती अजून चालते. काका येता-जाता तिच्याकडे बघून मान हलवतात.

काका दिसले की हातगाडीवाला भाजीवाला पाय मागे घेतो. "अंकल, आप बड़े हो, पैर मत छुओ, हमें पाप लगेगा."

"पाप बाद में. पहले नली देखने दो."

एकदा मी विचारलंच, "काका, सगळ्या कॉलनीचे पाय कशाला धरता?"

"बोटांना सवय हवी. चांगली नाडी ओळखीची असेल तर बिघडलेली कळेल."

"बिघडलेली कोणाची?"

ते उठून माझी नळी बघायला गेले.

मालतीकाकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, मधुमेह जुना. गेल्या वर्षी डाव्या पायाची रोहिणी तुंबली. जाळी बसवली, तरी एक बोट गेलंच. डॉक्टरांनी बजावलं होतं, पावलावरची नाडी रोज घरी बघा, लागली नाही तर तसंच उचलून घेऊन या, नाहीतर पाय जाईल. पण नवऱ्याने बायकोच्या पायाला हात लावायचा, हे काकूंना मुळीच मान्य नव्हतं. "पाय गेला तरी चालेल, पण यांच्याकडून धरून घेणार नाही," असं त्यांनी मला ठणकावून सांगितलं होतं. मीही वाद घातला नाही. काकूंशी वाद घालणं म्हणजे वेळ घालवणं.

परवा दुपारी त्यांचा डबा परत द्यायला गेले. दार लोटलेलं होतं. काकू पलंगावर झोपलेल्या, काका खाली जमिनीवर. त्यांची दोन बोटं काकूंच्या डाव्या पावलावर. मला बघून त्यांनी दुसऱ्या हाताने गप्प राहायची खूण केली. बोटं जरा सरकवली, पुन्हा थांबले. मी डबा हातात धरून उभीच.

मग त्यांचा चेहरा सैल झाला. "लागली," ते पुटपुटले. पावलावर चादर ओढून चहा ठेवायला आत गेले.

काकूंनी डोळे उघडले. स्वयंपाकघराच्या दिशेने हात जोडले आणि कपाळाला लावले.

"जाग्या आहात?" मी हळूच विचारलं.

"रोजच असते. सांगू नकोस त्यांना. झोपेत लागलेला हात मोजत नाहीत वरती."

आतून काकांचा आवाज आला, "नीलिमा, उठली का गं ती?"

काकूंचे डोळे पुन्हा मिटलेले होते.

"नाही काका," मी म्हटलं, "गाढ झोपल्यात."