भूमिकाचे तीन हॉर्न

भूमिका झोपली आहे, तेवढ्यात सांगून घेते. बुऱ्हाणपुरातल्या कुठल्याही ड्रायव्हरच्या सीटवर माझी लेक बसवून दाखवीन, असं मी घरात जाहीर केलं होतं! चौथ्या वाढदिवसाला तिला फुगे नको, फ्रॉक नको. खकनार गावाला जाणाऱ्या बसचा हॉर्न वाजवायचा होता. आणि मी तिला शब्द देऊन बसले होते.

"सहाला पाहुणे येणारेत," माझा नवरा निरंजन म्हणाला.

"अर्ध्या तासात परत!"

दुपारी तीनला स्टँडवर खकनारची गाडी रिकामी उभी. ड्रायव्हर दत्तूभाऊ स्टिअरिंगला उदबत्ती ओवाळत होते.

"नाही हो ताई. ही सीट म्हणजे आमचा देव्हारा. इथं मालकालाही बसू देत नाही."

माझं तोंड केळीच्या सालीसारखं लोंबलं. भूमिकाने मात्र गुपचूप सँडल काढल्या, स्टिअरिंगला हात जोडले, डोळे मिटले.

दत्तूभाऊ विरघळलेच. "अरे वा! आमच्या कंडक्टरने गेल्या पंचवीस सालांत असा नमस्कार नाही केला. ये बेटा. पण एकच बार वाजवायचा हां!"

भूमिकाला तीनपर्यंत आकडे येतात. तिने तिन्ही वाजवले.

पोंऽऽ! पोंऽऽ! पोंऽऽ!

तीन लांब हॉर्न म्हणजे ही गाडी सुटली, हे खकनारच्या प्रत्येकाला पाठ. माणसं टपरीवरून धावली, रसवंतीतून धावली, शेजारच्या गाडीत बसलेलीसुद्धा खिडकीतून पिशव्या फेकत धावली! मागोमाग कंडक्टर कडूभाऊ, हातात चहाचा ग्लास.

"दत्तूभाऊ, टाइमला अजून अर्धा घंटा आहे ना!"

"मग उतरव सगळ्यांना!"

"कोन उतरस?" एका आजीने गाठोडं छातीशी धरलं. "तीनदा हॉर्न वाजना ना? मंग चाल!"

दारात इतकी गर्दी, की आम्हालाच उतरता येईना. निघाली की गाडी! मी केबिनच्या बाकावर, भूमिका माझ्या मांडीवर, महाराणीसारखी. कडूभाऊंनी तिचा वाढदिवस जाहीर केला आणि अख्ख्या गाडीने टाळ्या वाजवल्या!

"दिवाळीतही अशी भरत नाही हो ही," दत्तूभाऊ खूश. लेकीचा तो चेहरा बघत मी निरंजनचे अकरा फोन साफ विसरले.

साडेसहाला त्याच गाडीने परत. शेवटच्या फेरीआधी दत्तूभाऊंनी आम्हाला थेट आमच्या गल्लीच्या तोंडाशी आणलं.

"बेटा, आता तूच वाजव."

पोंऽऽ! पोंऽऽ! पोंऽऽ!

घरात केकभोवती पाहुणे ताटकळलेले. त्यांत सासूबाईंची बहीण उषामावशी, खास खकनारहून आलेल्या. हॉर्न ऐकताच त्यांनी पिशवी उचलली. "अगं बाई, माझी गाडी!" आम्ही पुढच्या दाराने उतरलो, त्या मागच्या दाराने चढल्या. गाडी गेली!

निरंजनने कपाळावर हात मारला. "केक राहिलाच, वर भूमिकाचं गिफ्टही मावशींच्या पिशवीतच गेलं! खेळण्यातली बस होती."

मी खाली मान घातली. भूमिकाने वर केली.

"जाऊ दे ना बाबा. मावशीआजीला खेळू दे. माझी मोठ्ठी आहे!"