ड्रायव्हरच्या मागची सीट

पाचवी गाडीही नापास करून दादा घरी आले, बूट काढले आणि जेवायच्या टेबलाशी येऊन बसले. वहिनींनी चहा पुढे ठेवला. या गाडीत काय खोट निघाली, हे त्यांनी विचारलंही नाही. पहिलीचं इंजिन खोकत होतं, दुसरीचं स्टिअरिंग जड होतं, तिसरीत झोपलं की पाय दाराबाहेर जात होते आणि चौथीचा मालकच दादांच्या मनातून उतरला होता. पाचवीत मात्र सगळं ठाकठीक होतं, किंमतही आवाक्यातली होती. तरी दादा तिच्याभोवती चकरा मारून म्हणाले होते, "काहीतरी कमी वाटतंय." आता या 'काहीतरी'चा सुटा भाग कुठल्या दुकानात मिळतो, ते तुम्हीच सांगा.

दादा म्हणजे चोवीस नंबरच्या बसचे ड्रायव्हर. सगळी नोकरी एकाच मार्गावर झाली, त्यामुळे त्या रस्त्यावरची अख्खी वस्ती त्यांना दादा म्हणायची आणि ओघानेच त्यांच्या बायकोला वहिनी. निवृत्तीच्या दिवशी डेपोतल्या मंडळींनी वर्गणी काढून त्यांना एक होडी भेट दिली. जन्म रस्त्यावर गेला, आता पाण्यावर जा, असं भाषणही झालं. वर्गणी ऐनवेळी कमी पडली, म्हणून वल्हं एकच आलं. तेव्हापासून ती होडी अंगणात दोन चाकांच्या ट्रेलरवर उभी होती आणि वहिनी तिच्यावर चादरी वाळत घालत. होडी ओढून तळ्यापर्यंत नेईल, आत झोपायची आणि चहाची सोय असेल आणि पेन्शनला झेपेल, अशी एखादी जुनी कॅम्परव्हॅन घ्यायची आणि शनिवार-रविवार दोघांनी भटकायचं, असा दादांचा बेत होता.

पण खरी गोम वेगळीच होती. त्या घरातलं बोलणं संपलं होतं.

नोकरीत होते तेव्हा दादा घरी जेमतेम झोपायला यायचे. मग वहिनींनीच तोड काढली. रोज संध्याकाळी थर्मास घेऊन त्या पाण्याच्या टाकीच्या थांब्यावर बस पकडायच्या, ड्रायव्हरच्या अगदी मागच्या सीटवर बसायच्या आणि शेवटच्या फेरीपर्यंत तिथून हलायच्या नाहीत. डोक्यावर पाटी होती, 'चालकाशी बोलू नये.' त्या पाटीखाली बसून या बाईने वर्षानुवर्षं चालकाशी बोलण्यापलीकडे दुसरं काही केलं नाही. समोरच्या आरशात एकमेकांचे डोळे दिसायचे, तेवढं पुरायचं. मुलीची शाळा तिथे ठरली, घराचा रंग तिथे ठरला, पुढे जावईही तिथेच पसंत झाला. भांडणंसुद्धा तिथेच व्हायची आणि ती शेवटच्या थांब्याच्या आत मिटवावी लागायची, कारण तिथे सगळ्यांना उतरायचं असायचं. आणि आता दिवसभर समोरासमोर बसायची मुभा मिळाली, तर काय बोलावं ते दोघांनाही सुचेना. "साखर?" "बास." झाला संवाद. दादांना ते फार लागायचं, पण ते तरी कोणत्या तोंडाने सांगणार?

त्यातच वहिनींच्या बहिणीने महिनाभराच्या सहलीचं काढलं. येतेस की नाही ते रविवार संध्याकाळपर्यंत कळव, असा तिचा फोन आला. वहिनी हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. त्यांनी फक्त माळ्यावरची बॅग खाली काढून पुसून ठेवली. येता-जाता दादांची नजर त्या बॅगेवर जाऊ लागली. सहलीहून बायको परत येईल हे त्यांना कळत होतं. पण बहिणीशी महिनाभर पोटभर बोलून आल्यावर तिला या टेबलाशी करमणार कसं? गाडीत दोघं शेजारी शेजारी बसली की सगळं पूर्वीसारखं होईल, असं त्यांनी मनाशी घट्ट धरलं होतं. आणि तसं झालं नाही तर काय, या धास्तीने एकही गाडी घ्यायला त्यांचा हात धजत नव्हता.

रविवारी दुपारी सहावी गाडी दारात आली. ती दातांच्या एका डॉक्टरांची होती. गाडी तशी वयस्कच. रंग उडालेला, पडदे पिवळे पडलेले, भांड्यांच्या कपाटाचं दार सुतळीने बांधलेलं. पण इंजिन गुणी होतं, मागे ओढायचा हूक दणकट होता आणि किंमत ऐकून वहिनींनी नाक मुरडलं नाही. होडी जोडूनच बघतो, असं दादा म्हणाले. डॉक्टरांचा अनोळखी माणसांवर फारसा विश्वास नसावा. चौकाला वळसा घालून सरळ परत यायचं, असं बजावत ते स्वतःच मागे पलंगावर बसले.

वहिनी पुढे बसल्या, दादांच्या शेजारी. दादांचा ऊर भरून आला. त्यांनी घसा साफ केला. वहिनींनी मांडीवरची पर्स नीट केली.

"ऊन आहे," दादा म्हणाले.

"हो," वहिनी म्हणाल्या.

आणि संपलं. दादांनी पुढचं काहीतरी शोधून पाहिलं, पण टेबलाशी सापडत नव्हतं ते इथेही सापडेना. सवयीने त्यांनी आरशात नजर टाकली, तर तिथे दातांचे डॉक्टर. दादांच्या भ्रमाचा भोपळा तिथेच फुटला. गाडीच्या नावाने जे काही मनात धरलं होतं ते सगळं फोल होतं, संध्याकाळी ही बहिणीला होकार कळवणार, हे त्यांना स्पष्ट दिसलं. त्या विचारात वळसा घ्यायचा राहून गेला आणि हातांनी आपणहून गाडी डेपोच्या रस्त्याला घातली.

हाच तो चोवीस नंबरचा रस्ता. उत्पन्न नाही म्हणून ती बस दादांच्या मागोमाग बंद झाली होती आणि तिच्याऐवजी जी दुसरी बस यायची ती तिच्या मनात येईल तेव्हा यायची. पहिल्याच थांब्यावर माणसं ताटकळत उभी होती. गाडी दिसताच त्यांचे हात वर झाले आणि दादांचा पाय ब्रेकवर गेला. हात वर केलेल्या माणसाला टाकून पुढे जाणं त्या पायाला कधी जमलंच नव्हतं.

दार सरकवून मंडळी आत शिरली. स्टिअरिंगवर दादा म्हटल्यावर कोणाला शंका यायचं कारणच नव्हतं. उशिरा का होईना, छोटी बस सुरू केली म्हणायची, असं म्हणत शाळेतल्या गणिताच्या बाई काठी टेकत चढल्या. त्यांच्यामागून शिंपी कापडाचा गठ्ठा घेऊन आला. गठ्ठा आत मावेना, तेव्हा तो होडीत ठेवला गेला. ही बस नाही, हे सांगायला दादांनी तोंड उघडलं खरं. पण जो तो त्यांची तब्येत विचारत होता, अहो होतात कुठे म्हणत होता. वर्षभरात त्यांना एवढं कोणी विचारलं नव्हतं. दादांनी तोंड मिटलं आणि गिअर टाकला.

"अहो, ही बस नाही, ही माझी विकायची गाडी आहे," असं मागून डॉक्टर कळवळून सांगत होते. कंडक्टर नवीन दिसतोय, असं म्हणून लोकांनी त्यांना सांभाळून घेतलं. एकाने लायब्ररीपर्यंतचं तिकीट मागितलं आणि डॉक्टर देईनात, तेव्हा सुटे नसतील म्हणून समजूतदारपणे गप्प बसला.

पाण्याच्या टाकीच्या थांब्यावर छत्रीवाल्या मावशी चढल्या आणि डॉक्टरांना बघून दारातच थबकल्या. अर्धवट कोरलेली दाढ तोंडात घेऊन त्या वर्षभर या माणसाला चुकवत होत्या. पण मागून रेटा आला आणि त्या नेमक्या डॉक्टरांच्या शेजारी येऊन आदळल्या. डॉक्टरांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. मावशींनी ओठ गच्च मिटून घेतले आणि खिडकीबाहेरची टाकी अशी बघत राहिल्या, जणू ती कालच बांधली आहे.

या सगळ्या रेटारेटीत गणिताच्या बाईंचा गुडघा वाकेना. त्यांना पाय पसरायला पुढचीच सीट हवी होती. वहिनी उठल्या आणि मागच्या बाकावर, ड्रायव्हरच्या अगदी पाठीशी जाऊन बसल्या. दादांनी आरसा जरासा खाली केला. त्यात ते ओळखीचे डोळे आले.

"अहो, पुढे खड्डा आहे. जपून," मागून आवाज आला.

"त्या खड्ड्याला मी तुझ्या आधीपासून ओळखतो."

"ओळखता, तरी रोज आपटायचात. किती थर्मास फुटले त्यात."

"तू मांडीवर धरायचीस कशाला? खाली ठेवायचा."

आणि मग काय विचारता! कोंडलेला नळ सुटावा तसं दोघांचं सुरू झालं. थर्मासवरून गोष्ट मुलीवर गेली, मुलीवरून तिच्या सासूवर, तिथून शेजाऱ्यांच्या कुत्र्यावर. घरच्या दिवाणखान्याला पुन्हा पिवळा रंग द्यायचा नाही, हेही ठरून गेलं. वर्षभर टेबलावर एकही शब्द सापडला नव्हता, आणि आता थांबे येत होते, माणसं चढत-उतरत होती, होडीत पिशव्या पडत होत्या, तरी यांचं आपलं चाललंच होतं. वहिनी मधूनच मागे वळून "जरा आत सरका हो" म्हणायच्या आणि परत आरशाकडे बघून सुटलेलं वाक्य धरायच्या.

बोलता बोलता दादांनी ते विचारून टाकलं. डोळे रस्त्यावर ठेवूनच.

"ती बॅग कशाला खाली काढलीस?"

 वहिनी उत्तर देणार, तोच समोर शिट्टी वाजली. रस्त्याच्या मधोमध हात आडवा करून तपासनीस उभे होते.

हे तपासनीस म्हणजे दादांच्या नोकरीतली जुनी साडेसाती. चालू गाडीत प्रवाशाशी गप्पा मारल्याबद्दल दादांना समज देणारे हेच. ती प्रवासी चालकाची बायको आहे, हे सांगूनही उपयोग झाला नव्हता. त्यांनी गर्दी पाहिली, दादांना पाहिलं, होडी पाहिली. मग काही न सुचून ते आत चढले आणि आयुष्यभर म्हणत आले तेच म्हणाले, "तिकिटं दाखवा."

सगळ्यांनी डॉक्टरांकडे बघितलं. म्हणून तपासनीसांनीही पहिलं तिकीट त्यांनाच विचारलं.

"अहो, माझीच गाडी आहे ही," डॉक्टर म्हणाले.

"असं म्हणणारे रोज भेटतात," तपासनीस म्हणाले.

शेवटी गणिताच्या बाई मध्ये पडल्या. कोणी पैसे दिलेले नाहीत, कोणी मागितलेले नाहीत. पैसे नाहीत म्हणजे बस नाही आणि बस नाही म्हणजे तपासनीसही नाही, असं त्यांनी वर्गात सांगावं तसं पायरीपायरीने सांगितलं. तपासनीस गडबडले.

"मग ही होडी कसली?"

"डेपोने दिलेली," दादा म्हणाले. "एक वल्हं आहे तिला."

हे ऐकल्यावर तपासनीसांचा आवाज एकदम खाली आला. दुसरं वल्हं कोणाच्या न दिलेल्या वर्गणीपायी राहिलं, हे डेपोतल्या झाडूवाल्यापासून साहेबापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. मला पुढच्या चौकात सोडा, एवढं पुटपुटून ते दाराशी उभे राहिले. उतरताना मात्र सवय गेली नाही. "वहिनी, चालकाशी बोलू नका," असं सांगूनच ते उतरले.

शेवटच्या थांब्यावर डॉक्टर सोडले तर गाडी रिकामी झाली. गणिताच्या बाईही गेल्या. दादांनी शेजारच्या सीटवर हात ठेवला.

"ये आता पुढे."

"नको," वहिनी म्हणाल्या. "मी इथेच बरी आहे."

दादांनी गाडी वळवली. आरशात पुन्हा ते डोळे आले.

"तुम्ही विचाराल म्हणून काढली होती," वहिनी म्हणाल्या. "बॅग."

"आणि मी विचारलंच नाही."

"आत्ता विचारलंत की."

दादांना समोरचा रस्ता जरा धूसर दिसायला लागला. ऊन फार आहे, असं ते म्हणाले. वहिनींनी मागून रुमाल पुढे केला.

घरी पोचल्यावर डॉक्टर भीतभीतच खाली उतरले. त्यांची स्वारी एरवी खुशीत होती, कारण मावशींना दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ घ्यायला लावूनच त्यांनी सोडलं होतं. पण हे गिऱ्हाईक आता काय खोट काढतं, याची त्यांना धास्ती होती. दादांनी गाडीभोवती एकही चक्कर मारली नाही. मागच्या बाकाच्या गादीवर हात फिरवला, आरसा पुसला आणि घेतली म्हणून सांगून टाकलं. संध्याकाळी वहिनींनी बहिणीला फोन करून जमत नसल्याचं कळवलं आणि पुसून ठेवलेली बॅग गाडीत नेऊन ठेवली. त्या आठवड्यात कोणीतरी गुपचूप अंगणात दुसरं वल्हं ठेवून गेलं. कोण, ते दादांनी विचारलं नाही.

पुढच्या शनिवारी दोघं तळ्याला निघाली. पुढच्या सीटवर जेवणाच्या डब्यांची पिशवी पट्टा लावून बसवली होती आणि वहिनी त्यांच्या जागेवर, मागे. सगळ्या नोकरीत ज्यांनी एक थांबा चुकवला नव्हता, त्या दादांनी बोलण्याच्या नादात तळ्याचं वळण चुकवलं. पुढे गेल्यावर ते त्यांच्या ध्यानात आलं.

"तपासनीस म्हणायचे ते काही खोटं नव्हतं गं," ते म्हणाले. "चालकाशी बोलू नये."

"बरं. मग बसते गप्प."

आणि वहिनी खरोखरच गप्प बसल्या. पुढे आणखी एक वाट तळ्याकडे वळत होती, तिची खूणही दिसायला लागली होती. दादांनी वेग कमी केला, आरशात पाहिलं. वहिनी ओठ मिटून बाहेर बघत होत्या. दादांना ते काही सोसेना.

"अगं," ते म्हणाले, "थर्मास घेतलास ना?"

आणि तेही वळण मागे गेलं.