जुलैच्या मापाचा दस्ता

वेंडेल कांगसचा नेम गेल्या मोसमात चुकला, आणि हरीण जिवंत राहिल्यामुळे शिकार मंडळाला रीतसर चौकशी करणे भाग पडले. चौकशीत वेंडेल, त्याची नजर आणि त्या सकाळची बिअर, तिघेही निर्दोष ठरले. दोष बंदुकीच्या, खांद्याला टेकणाऱ्या लाकडी दस्त्यात निघाला.

यंदा हरीण समोर येऊनही बार झाला नाही, तर ओढ्याकाठची मचाण मंडळाकडे जमा होणार होती. ती वेंडेलच्या वडिलांनी स्वतः बांधलेली. मंडळाकडे म्हणजे मेहुणा ड्वेनकडे, कारण प्रतीक्षायादीत तो एकटाच होता. नवा दस्ता ठरवणाऱ्या उपसमितीचा अध्यक्षही ड्वेनच होता.

जुलैत उपसमिती वेंडेलच्या स्वयंपाकघरात बसली. वेंडेलने नुसत्या बनियनमध्ये उभे राहून, डोळे मिटून रिकामी बंदूक खांद्याला लावायची आणि मग डोळे उघडायचे. नजर दुर्बिणीच्या मधोमध आली तर दस्ता पास. अक्रोडाच्या सरळ दस्त्यावर गाल अधांतरी राहिला. गालाखाली उंचवटा असलेल्या दस्त्यावर गाल टेकला, पण बोट चापापर्यंत पोचेना. अंगठ्याला भोक असलेल्या दस्त्यात अंगठा झकास गेला. तो बाहेर काढायला बायकोला, लॉर्नाला, लोणी आणावे लागले. शेवटच्याला लांबी आणि उंची जमवायच्या खिट्ट्या होत्या. दुपारभर पिळून त्या जमल्या.

"दाजी, हा तर तुमच्या खांद्यातूनच उगवलाय," ड्वेन म्हणाला.

"एकदा कोट घालून बघ की," लॉर्ना नवऱ्याला म्हणाली.

"या उकाड्यात? वेड लागलंय का मला?"

"ताई, हे तांत्रिक काम आहे. तू लोणी आत ठेव," ड्वेन म्हणाला.

माप टिकावे म्हणून उपसमितीने वेंडेलच्या गालाची जाडी गोठवली. घरात मांस-बटाट्याच्या जाडजूड पास्टी भाजणे बंद झाले. दाढ ठणकत होती. पण ती काढली तर गाल बसेल, म्हणून दंतवैद्याची भेट मोसमानंतर ठरली. दर रविवारी चर्चहून येताना ड्वेन गाल चाचपून जाई.

मोसमाच्या पहिल्या सकाळी गुडघाभर बर्फ होते. ओढ्यापलीकडे भल्यामोठ्या शिंगांचा नर येऊन थांबला. वेंडेलने बंदूक उचलली. दस्त्याची टाच लोकरी कोटाच्या काखेत अडकली. त्याने ओढली, कोटही वर आला. हरीण पाहत राहिले. अखेर त्याने एकेक बटण सोडून कोट खिळ्याला टांगला. आता दस्ता तंतोतंत बसला, जुलैसारखा. फक्त वेंडेल थंडीने थरथर कापत होता, आणि दुर्बिणीत हरीण, झाड व आकाश आळीपाळीने येत होते. हरणाने पुरेशी वाट पाहिली आणि निघून गेले.

"दाजी, मचाणीची शिडी जरा हलते का हो?" ड्वेनने त्याच संध्याकाळी विचारले.

"दाढ काढून आलो की सांगतो," वेंडेल म्हणाला.

उपसमितीच्या अहवालात दस्ता निर्दोष ठरला. हवामान मापात बसत नसल्याचा ताशेरा आला, आणि पुढचा मोसम जुलैत घ्यावा अशी शिफारस झाली. कोटाबद्दल अहवालात चकार शब्द नाही. मात्र शेवटी ड्वेनने एक तळटीप जोडली आहे: या प्रकरणाला हसणाऱ्यांनी आधी आपल्या पायातले बूट काढून टाचेवरचे फोड पाहावेत, दुकानातल्या गालिच्यावर ते बूटही अगदी बरोबर बसले होते.