पाण्याची की पाट्याची?

फोन वाजला की दाजी परब ‘हॅलो’ म्हणत नाहीत. ‘पाण्याची की पाट्याची?’ म्हणतात.

गेले दोन महिने उत्तर एकच: पाण्याची.

दाजी आमच्या मुलुंडच्या सोसायटीत तळमजल्यावर एकटे राहतात. वाटून वाटून पाटा गुळगुळीत झाला की छिन्नीने ठोके मारून तो पुन्हा खरखरीत करायचा, याला टाकी लावणं म्हणतात. दाजींचं हेच काम. लेकीने त्यांना मोबाईलवर जाहिरात करून दिली: ‘घरपोच टाकी लावून मिळेल.’ कुणी ‘टाकी’ शोधलं की ती वर दिसते, आणि तिच्यावर बोट लावलं की दाजींचे पैसे जातात. त्यामुळे नाशिकपासून नागपूरपर्यंत ज्याची म्हणून टाकी गळते, तो दाजींना शिव्या घालतो.

जाहिरात हा माणसाचं गिऱ्हाईक करण्याचा कट आहे, असं सांगणारं पत्रक मी काढून वाटलं होतं. तरी मदतीला गेलो, कारण दाजींनी जाहीर केलं, “ह्या आयतवारपर्यंत एक तरी पाटो इलो नाय, तर छिन्नी भंगारात!”

“दाजी, रोज सकाळी स्वतःच्याच जाहिरातीवर बोट का लावता?”

“मगे? दुकान उघडूचा नको?”

ते बंद केलं. जाहिरात मुलुंड-भांडुपपुरती ठेवली. नुसत्या ‘टाकी’ऐवजी ‘पाट्याला टाकी लावणे’ लिहिलं. मग वगळायचे शब्द: पाणी, सफाई, गळती, प्लंबर. शेवटी, सगळेच जाणकार सांगतात म्हणून, ‘फुकट’.

दाजींनी फोन हिसकावला. “तो शबुद काढ.”

“फुकटे कशाला हवेत तुम्हाला?”

“वा रे पत्रकवाल्या! गरिबांसाठी लिवतंस, आणि गरिबाचोच शबुद गाळतंस?”

मी निमूट काढला.

शिव्या थांबल्या, पण फोनही थांबले. शनिवार कोरडा गेला. रविवारी चार वाजता फोन आला. दाजींनी ऐकलं, फोनवर हात ठेवला आणि ओरडले, “पाट्याची आसा रे!”

माझा जीव भांड्यात पडला. भांडुपच्या कुणी बाई होत्या. सासूबाईंचा पाटा गॅलरीत पडून होता. किती घेणार, असं त्या विचारत असाव्यात.

“ता मगे बघू, बाय,” दाजींचा आवाज एकदम खाली आला. “टाकी लागली की पयला वाटाप माझ्यासमोर वाटा. लय वर्सां झाली तो आवाज आयकान.”

फोन ठेवला आणि दाजी इस्त्रीचा शर्ट शोधायला आत गेले.